भावोजींची शिट्टी

क्रेमोना,
१९ फेब्रुवारी १९२७

प्रिय आर्जियाताई,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र पोचलं, सोबत खायला पाठवलेली मांसाची सलामीही पोचली. सलामी घरमालकीणबाईंना फार आवडली. पत्र मात्र मला आवडलं नाही. नवऱ्याशी आठवडाभर अबोला, आणि वर त्यांचं जेवण सलूनमध्ये पाठवतेस? गिऱ्हाइकाच्या दाढीला साबण लावून माणूस कोपऱ्यात सूप पीत बसतो. लोक काय म्हणतील?

इथे थंडी जरा ओसरली आहे. खाते, पिते, झोपते. घसा ठीक आहे.

वीस वर्षं मी गावोगाव ऑपेरात दासीची, सखीची, नायिकेच्या आईची कामं केली. नायिका म्हणून एकदाच, गेल्या पंधरवड्यात आपल्या पार्मात उभी राहिले, आणि तिसऱ्या अंकात वरच्या गॅलरीतून नापसंतीची पहिली शिट्टी मारली ती ओरेस्तेभावोजींनी. मग अख्खी गॅलरी शिट्ट्या मारायला लागली. तू लिहितेस, "शत्रूनेही केलं नसतं ते घरच्यांनी केलं." अगं, शत्रू एवढं लक्ष देऊन ऐकतो कुठे?

मी सात वर्षांची होते तेव्हा त्यांनीच मला खांद्यावर बसवून त्या गॅलरीत नेलं होतं. तुमचं लग्न व्हायचं होतं, तेव्हा मेव्हणीचे लाड चालू होते. त्या दिवशी आपल्याच गल्लीतल्या एका गायकाला शिट्ट्या बसल्या आणि मी रडायला लागले. भावोजी म्हणाले, "पोरी, परक्याचं एक वेळ चालवून घेतात. आपल्या माणसाला खोट्या टाळ्या वाजवल्या, तर तो परका झाला."

त्या रात्री प्रयोग संपल्यावर ते रंगपटात आले, टोपी हातात घेऊन. मी म्हटलं, "भावोजी, शिट्टी जोरात होती हं."

"तुझा सूर उतरला होता," ते म्हणाले. मग माझ्या खुर्चीत बसून ढसाढसा रडले. मीच त्यांना पाणी दिलं. "तुला आजवर कुणी सांगितलं नाही का गं?"

नाही सांगितलं, ताई. मोदेनात टाळ्या, फेर्रारात फुलं. घसा ठीक आहे असं वर लिहिलंय ते खोडत नाही, पण ते खरं नाही. नाताळापासून वरचा सूर लागत नाही. डॉक्टर म्हणतात, आता तो परत यायचा नाही. तरी रोज सकाळी उशीत तोंड खुपसून मी त्याला हाका मारते. टाळ्या पडायच्या तेव्हा मला फार एकटं वाटायचं. भावोजींची शिट्टी ऐकली आणि वाटलं, चला, कुणीतरी खरंच ऐकतंय.

म्हणून इथलं काम मी सोडलं. कार्निव्हलचा नाट्यहंगाम संपला की पार्माला येते, आणि या वेळी पाहुणी म्हणून नाही. मागची खोली अजून रिकामी आहे ना? विचारायला इतकी पानं लागली, हसू नकोस.

भावोजींचं ताट आजच घरात लाव. मला उतरवून घ्यायला त्यांनाच पाठव. गर्दीत शोधत फिरू नका म्हणावं, फलाटावर उभं राहून एकदा शिट्टी वाजवा. ती कुणाची, ते मला कळेल.

तुझी, आणि यापुढे घरच्यांपुरतीच गाणारी,
डेल्फीना