जुन्या प्रती किती दिवस ठेवाव्यात?

आदरणीय झाहिरकाका,

सलाम. तुमची तब्येत, काकूंचा गुडघा, मुलं, शेळ्या, सगळं सुखरूप असेल. इकडेही सगळे ठीक आहेत. खबर काही नाही. (रीतीप्रमाणे हे आधी लिहिलं. आता खबर सांगते.)

तुम्ही पाणीवाल्यांच्या बैठकीतून कॉफी तशीच टाकून उठलात आणि तडक बर्क्याला घरी निघून गेलात, त्याला आज नऊ दिवस झाले. जाताना सगळ्यांसमोर म्हणालात, की आजोबांच्या वाट्याच्या अर्ध्या तासाच्या पाण्यावरून अकरा वर्षं भांडून, रमजानात समेट करूनही, हमूदने जुनी नोंद लपवून ठेवली. काका, ती बाबांनी ठेवली नव्हती. ती मी ठेवली. म्हणजे मीही नाही, माझ्या एका खुणेने ठेवली. हे पत्र तेवढ्यासाठीच आहे; पण ते पटायला तुम्हाला बॅकअपची कथा पहिल्यापासून ऐकावी लागेल, त्याला माझा इलाज नाही.

आपल्या फलजच्या पाटातल्या पाण्याच्या पाळ्या संगणकावर घ्यायच्या असं कारभारी मुहन्नांनी ठरवलं, तेव्हा घरातली पहिली पदवीधर म्हणून ते काम माझ्याकडे आलं. (बाबा गावभर सांगत होते, की पोरगी निझव्याला चार वर्षं हेच शिकली. मी शिकले वनस्पतिशास्त्र. पण त्यांचा चेहरा इतका खुलला होता, की मी गप्प बसले.) वह्या उतरवून झाल्या आणि मनात आलं, संगणकच बंद पडला तर? म्हणून रोज वहीची नक्कल दुसरीकडे ठेवणारं सॉफ्टवेअर घातलं. ते काम सुरू करण्याआधी इतके प्रश्न विचारतं, की मुलगी बघायला आलेली माणसं परवडली.

पहिला प्रश्न, नक्कल किती वाजता काढायची? तो मी मुहन्नांना विचारला, हीच चूक. ते म्हणाले, "दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, तेव्हाच." सॉफ्टवेअरला घड्याळ कळतं, सूर्य कळत नाही, म्हणून मीच अधूनमधून एकेक मिनिट पुढेमागे सरकवत बसू लागले. त्यात गावात बातमी पसरली की नकलाही पाळीने निघतात. झालं! नासिरची म्हातारी आई काठी टेकत आली. "पोरी, माझं नाव आधी घे गं. शेवटच्याला गाळच मिळतो." मी म्हटलं, "आजी, यात पाणी नाहीये." तर म्हणते, "मग सगळे भांडताहेत कशाला?" याचं उत्तर विद्यापीठात शिकवत नाहीत.

पुढचा प्रश्न, काम झाल्यावर कुणाला कळवायचं? कारभार उघडा असावा (हसू नका, माझा त्यावर विश्वास आहे) म्हणून मी सगळ्या पाणीवाल्यांचे नंबर टाकले. त्याच दिवशी सूर्यास्ताच्या नमाजात, मशिदीत, एकोणचाळीस फोन एकदम किणकिणले: 'काम पूर्ण. चुका शून्य.' मुहन्नांना राग आला तो किणकिणण्याचा नव्हे. "चाळीस वर्षं पाणी वाटतोय, मला कुणी शून्य चुका म्हणालं नाही. आणि याला पहिल्याच दिवशी?"

मग तो प्रश्न आला. जुन्या प्रती किती दिवस ठेवायच्या? सात दिवस, एक महिना, की कायम? मी क्षणाचाही विचार न करता 'कायम'वर खूण केली. काका, आपल्या घरातल्या माणसाच्या हातचं लिखाण पहिल्यांदाच गावाच्या दप्तरात जात होतं. त्यातलं काहीच हरवू नये, असं मला मनापासून वाटलं. पुढे रमजानात समेट झाला, आणि बाबांच्या नावाशेजारी तुमचं नाव मीच घातलं, तेही दोनदा तपासून. पण समेटाआधीची प्रत सॉफ्टवेअरने जपून ठेवली होती. त्याला समेट कळत नाही. त्या दिवशी बैठकीत 'हरवलेलं परत कसं मिळतं' हे दाखवायला मी ऐटीत सर्वांत जुनी प्रत भिंतीवर उघडली, आणि आजोबांचा तो अर्धा तास, एकट्या बाबांच्या नावावर, हात हात मोठ्या अक्षरांत! बाबांकडे चष्मा नव्हता. त्यांना वाटलं, कुणाच्या तरी लग्नाचं आमंत्रण आहे. तुम्ही उठलात तेव्हा ते शेजाऱ्याला विचारत होते, "कुणाचं लग्न? आणि हा का रागावला?"

तेव्हापासून बाबांना रोज सांगते, फोन करा. "मी का करू? उठला तो." आणि दिवसातून चारदा विचारतात, "रस्त्यावर गाडी कुणाची वाजली?"

काकूंना आणि मुलांना सलाम.

तुमची पुतणी,
रय्या

ता.क. ती जुनी प्रत पुसून टाकायची असं बैठकीत ठरलं आहे. पण सॉफ्टवेअरची अट अशी, की नोंदीवरून ज्यांचा वाद होता त्या दोघांनी शेजारी बसून अर्धा अर्धा पासवर्ड टाकल्याशिवाय ती पुसली जात नाही. तेव्हा शुक्रवारी नमाजानंतर यावं लागेल.

ता.क. २. काका, अशी काही अट नाही. मी एकटी एका बोटाने ती पुसू शकते. खोटं लिहून पत्र धाडवेना. बाबांनाही हीच थाप मारली होती; काल त्यांना खरं काय ते सांगून टाकलं. त्यांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हे झाहिरला कळवू नकोस."