नंदलालची करंट बिडी

२ एप्रिल २०१७, रविवार

सुमित्रे, तू विसरशील. परवा नातवाशी अर्धा तास फोनवर बोललीस अन् फोन ठेवल्याबरोबर सुनेले विचारलंस, नीलेश काहून फोन करत नाही व? म्हणून ही वही. वाचणारी मी एकटी, अन् मले अक्षर येत नाही. म्हणजे वही एकदम सेफ. लिहून राहिली माझी सून, रेणू. तिले बजावलं आहे, मी बोलीन तेच लिहायचं, आपली अक्कल मधात घालायची नाही.

आज नीलेश नागपूरहून आला. बापासाठी मशीन आणली. तोंडात धरायची, बटन दाबायचं, वाफ निघते. नाव इंग्रजी आहे. मी नाव ठेवलं करंट बिडी.

नंदलाल, माझा पोरगा. वय बावन्न, दिवसाला बिड्या पंचवीस. मागावर बसला की चार वेळा धोटा फेकते अन् पाच वेळा खोकते. डॉक्टर म्हणे, असंच चाललं तं दिवाळीले नाकात नळी. त्याचा बाप असाच गेला. उशी पोटाशी धरून, बसल्या बसल्या. ते दुसऱ्यांदा पाहायची माझी ताकद नाही.

मशीनच्या बॅटऱ्या दोन. अंगठ्यापेक्षा जाड. एक आत, एक स्पेअर. नीलेशने कागदावरचे नियम वाचून दाखवले. सुटी बॅटरी प्लास्टिकच्या डबीतच ठेवायची. लोखंड, चिल्लर, किल्ल्या जवळ नको. चार्जर तिचाच. ऊन नको, पाणी नको. वरचं सालपट फाटलं तं वापरायची नाही. मी म्हटलं, बाप्पा, बाळंतिणीलेही इतकं पथ्य नसते.

ठराव: बॅटरी खातं माझ्याकडे. अक्तीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सणापर्यंत, बिडी झिरो.

३ एप्रिल, सोमवार

नंदलालने मशीन ओढली. म्हणे, माय, ही तं कढीची वाफ आहे. दिवसभरात बिड्या अकरा. रेणू म्हणे, अकरा म्हणजे काही कमी नाही. मी म्हटलं, चौदा वाचल्या ते दिसत नाही का तुले?

प्लास्टिकची डबी फारच छान. झाकण घट्ट. लवंग-वेलचीच्या अगदी मापाची, तीच भरली त्यात. बॅटरी माझ्या बटव्यात टाकली. सुपारी, अडकित्ता, चुन्याची डबी, चार-सहा नाणी, असा तो बटवा चाळीस वर्षं माझ्या कमरेले आहे. त्यातून आजवर काही हरवलं नाही. नीलेशच्या कागदापेक्षा माझी कंबर जुनी.

७ एप्रिल, शुक्रवार, दुपार

लाइन गेली ती तीन तासांनी आली. मशीनचा चार्जर फार हळू. शेजारच्या कलाबाईच्या पोराचा मोबाईल चार्जर आणला, स्पेअर बॅटरी मशीनमध्ये घातली. पिन बसली. पिन बसली म्हणजे सोयरीक जुळली.

तासाभरात बॅटरी तव्यासारखी. मी म्हटलं, चांगली भरली. थंड करायले माठाखालच्या ओल्या रेतीत खुपसली. दही जिथं गोड राहते तिथं बॅटरी काहून बिघडेल?

बिड्या सात.

८ एप्रिल, शनिवार

रेणूने आठवण दिली, आई, पाणी नको म्हणत होता नीलेश. मग काल सांगायचं ना! आज गच्चीवर लाखोरी डाळीच्या वड्या वाळत आहेत. त्याच खाटेवर, त्याच धोतरावर, बॅटरी वाळत टाकली. दोन कामं एका उन्हात.

९ एप्रिल, रविवार

कावळ्याने दोन वड्या नेल्या. बॅटरीले चोच मारून पाहिली, आवडली नाही. पण सालपट टरकावलं.

नीलेशचा फोन. मी खरं सांगितलं, म्हणजे अर्धं. म्हणे, आजी, ती आत्ताच्या आत्ता बाजूला काढ, मी नवी आणतो, ती धोक्याची झाली. मी म्हटलं, काढली रे बाबा. त्याचा जीव शांत झाला. पोराचा जीव शांत ठेवणं हे आजीचं कामच आहे.

मग मागावरचा कोशाच्या रेशमाचा धागा घेतला अन् फाटल्या जागी गुंडाळला. कोष्ट्याच्या घरात तुटलेलं फेकत नाहीत, सांधतात. गाठ दिसत नाही अशी मारली. रेणूने पाहिलं अन् तोंड दुसरीकडे केलं. तिले म्हटलं, हे लिहू नको. लिहून राहिली आहे.

१६ एप्रिल, रविवार

बिड्या चार.

काल रात्री मी दोनदा उठली. आवाज नाही म्हणून. नंदलालच्या खोलीशी जाऊन उभी राहिली. झोपला होता. आडवा. उताणा. तीन वर्षांत त्याले आडवा झोपलेला पाहिला नव्हता.

रेणू लिहिता लिहिता डोळे पुसून राहिली. मी म्हटलं, शाई पसरेल. म्हणे, बॉलपेन आहे आई.

२१ एप्रिल, शुक्रवार

बिड्या दोन. सकाळी मागावर सलग तासभर बसला. पायाखालच्या पावडीचा आवाज कसा एकसारखा, खट-खट, मधात खोकल्याचा खड्डा नाही. मी ओसरीत बसून ऐकत होती. कलाबाई आली, म्हणे, भाऊजींचा खोकला कुठं गेला? मी म्हटलं, माझ्या कमरेले बांधला.

बॅटरी आताशा जराशी फुगीर वाटते. माणूसही सुखाने फुगते.

२८ एप्रिल, शुक्रवार, अक्ती

झिरो.

सकाळपासून रात्रीपर्यंत झिरो. बोलली होती की नाही?

२९ एप्रिल, शनिवार

उद्या आसगावले लग्न. माझ्या भाच्याची, सोमाजीची पोरगी. लग्न म्हणजे बिडीवाल्यांचा मेळा. मंडपामागे सारे बसतात, बंडल फिरते, नको म्हणणाऱ्याच्या कानातच खोचतात. नंदलाल म्हणे, माय, मी जातच नाही. मी म्हटलं, भितो का बे? मशीन आहे. मशीनमधली संपली तं स्पेअर आहे.

माझं नवं लुगडं कडक, त्यात बटवा खोसता येत नाही. तो नंदलालच्या पँटच्या खिशात ठेवीन. माझी सुपारीही त्याच्याकडे, त्याची बॅटरीही त्याच्याकडे. माझी चिंता मिटली.

३० एप्रिल, रविवार, रात्री. दवाखाना, भंडारा

पहिली पंगत बसली होती. नंदलाल माझ्या समोरच्या ओळीत. वरणावर तूप आलं. सू असा आवाज झाला, कुकरसारखा. मग फटकन. पोट्टे म्हणाले, फटाका! बँडवाल्याने उगाच एक ठोका दिला. दोघं-चौघं हसले. नंदलालच्या मांडीतून धूर निघून राहिला होता, अन् तो उठता उठता पत्रावळीवरच पडला.

सोमाजीने मठ्ठ्याची बादली ओतली.

लिहून ठेव रेणू, कोण्या तरी पोट्ट्याने त्याच्या खिशात फटाका टाकला. मी सगळ्यांले तेच सांगितलं.

२ मे, मंगळवार

उजवी मांडी, कमरेपासून गुडघ्यावर चार बोटं राहीपर्यंत. डॉक्टरीणबाईने चिमट्याने तुकडे काढले. एका तुकड्याले धागा चिकटलेला होता. मांडीवर एक गोल डाग आहे, नाण्याएवढा, नाण्यासारखाच. तिने विचारलं, ही बॅटरी लोखंड अन् चिल्लरसोबत कोणी ठेवली होती?

मी तोंड उघडलं होतं. फटाक्याचं सांगणार होती.

नंदलाल म्हणे, मीच ठेवली होती.

माझ्याकडे पाहिलं नाही.

३ मे, बुधवार

नीलेश आला. बटवा पाहिला. आजी म्हणून हाकही मारली नाही. वऱ्हांड्यात जाऊन उभा राहिला. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तं मले उत्तर देता आलं असतं.

रेणू, तू विचारलंस, फटाक्याचं खोडू का. राहू दे. मी खोटं बोलली होती, तेही वहीत असू दे.

९ मे, मंगळवार

डाव्या मांडीचं कातडं काढून उजवीले लावणार. किती दिवस लागतील ते विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणे, चालता येईल. मी म्हटलं, पावडी दाबता येईल का? तिले पावडी म्हणजे काय ते समजलं नाही. मी खाली बसून पाय हलवून दाखवला. तिने पाहिलं. म्हणे, आजी, वर्षभर तरी ते विसरा.

विसरणं मले जमते, असं सारे म्हणतात.

१४ मे, रविवार, सकाळ. फोनवर

रेणू, वही घेतली का? लिही.

काल धनीराम नंदलालले आधार देऊन बाहेर चिंचेखाली घेऊन गेला. धनीराम म्हणजे बाजूच्या खाटेवाल्याचा भाऊ. चांगला माणूस आहे. वीस मिनिटांनी दोघं परत आले. नंदलालच्या तोंडाले बिडीचा वास. मी चादर सारखी केली. रात्री खोकला. बसूनच झोपला, उशी पोटाशी घेऊन.

ठराव काही नाही. ठरावाची जागा कोरी ठेव.

दवाखान्याची खिचडी मी कालवून दिली तं म्हणे भूक नाही. धनीरामने तीच वाटी पुढे केली, खाल्ली. आज सकाळी केळं सोलून दिलं. ते खिडकीत पडलं आहे, काळं होऊन राहिलं आहे. भांडत नाही. फक्त माझ्या हातचं घेत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणे, नवं कातडं धरायचं असेल तं अंडी पाहिजेत, डाळ पाहिजे. मुगाचं वरण पातळ कर, मिरची नको. भात मऊ. डबा नीलेशच्या हाती दे, तोच भरवील, मी बाहेर बसते. अन् अंडी दोन. घरूनच सोलून पाठव.