एकाच नावानं लिहिणाऱ्या चौघी

आपा, तुम्ही गेलात तेव्हा मी अजून शिकतच होते, त्यामुळे माझ्या नोकरीचं तुम्हाला काही ठाऊक नाही. नांदेडच्या एका कॉलेजात मी शिक्षक होऊ पाहणाऱ्यांचा मोबाइलवरचा अभ्यासक्रम सांभाळते. लातूरच्या शाळेत तुम्ही गणित शिकवता शिकवता वर्गभर नजर फिरवायचात, तशी मीही फिरवते. माझ्यापुढे चेहरे नसतात एवढंच. चर्चेच्या पानावर कोणी काय विचारलं, कोणी कोणाला उत्तर दिलं, त्यावरून मी आकृती काढते. प्रत्येक विद्यार्थी म्हणजे एक ठिपका, आणि एकानं दुसऱ्याला उत्तर दिलं की मध्ये रेघ. ज्याला रेघा जास्त, तो ठिपका मोठा. याला सामाजिक जाळ्याचं विश्लेषण म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी काम तुमचंच आहे, कोण कोणाशी बोलतं आणि कोण एकटं पडलंय ते बघायचं.

यंदा सगळ्यात मोठा ठिपका इस्लापूरकडच्या एका खेड्यातल्या बाईंचा निघाला. त्याच खेड्यातल्या आणखी तिघींना मात्र एकही रेघ नव्हती. एकट्या पडलेल्यांना हात द्यायचा म्हणून मी ही आकृती काढली, आणि आमच्या प्रमुखांनी बैठकीत तीच पुढे धरून सांगितलं, की ज्या काही बोलतच नाहीत त्यांना परीक्षेला बसवायचं नाही. वर मला म्हणाले, "मॅडम, आकृती तुमचीच आहे." माझं डोकंच फिरलं. त्या बायकांना एकदा विचारून तरी बघू, असं माझ्या शेजारी बसलेल्या सरांनी सुचवलं, तेव्हा कुठे पुढच्या बैठकीपर्यंत मुदत मिळाली.

मग मी त्या मोठ्या ठिपक्याचं सगळं लिखाण वाचायला बसले. एका ठिकाणी बाई अंगणवाडीतल्या रडक्या पोरांबद्दल विचारतात, दुसऱ्या ठिकाणी सातवीच्या अपूर्णांकांबद्दल. सरावाचे हे दोन्ही वर्ग सकाळचेच. एक बाई एकाच वेळी दोन्हीकडे कशी असेल? आणि आपा, तिथं मला आपला बाक आठवला. मी खिडकीकडे बसलेय, शेजारी माझी मैत्रीण. तुम्ही गणित घालता, मी तिच्या कानात उत्तर सांगते, ती उभी राहून खणखणीत बोलते. वर्गात हुशार ती, मी मुखदुर्बळ. मला खालच्या तुकडीत टाकायचं घाटत होतं. तुम्ही कोणाला काही न विचारता एका सकाळी तिला पार पुढच्या बाकावर नेऊन बसवलंत. त्या दिवशी ती गप्प झाली. तुम्ही माझ्याजवळ येऊन हळूच म्हणालात, "बेटा, आवाज तिचा अन् गणित तुझं. हे लई दिवस चालायचं न्हाई." मुख्याध्यापिकांना मात्र ठणकावून सांगितलंत, की पोरगी गप हाय, रिकामी न्हाई.

मी एसटीनं इस्लापूर गाठलं आणि तिथून रिक्षानं पुढे. खेड्यात रेंज फक्त शाळेच्या पाण्याच्या टाकीपाशी येते. चौघी तिथंच बसल्या होत्या, मध्ये एक मोबाइल. एकमेकींशी तावातावानं वाद घालत होत्या, आणि ठरेल ते एक जण, म्हणजे तो मोठा ठिपका, आपल्या नावानं टाइप करत होती. तुम्ही आपापल्या नावानं का लिहीत नाही, असं विचारल्यावर त्यांना माझाच प्रश्न चमत्कारिक वाटला. त्या चौघी एकाच बचतगटातल्या. टाइप करणारी म्हणाली, "मॅडम, गटाचं खातं एकच ऱ्हातंय की. बँकेत अध्यक्षच जाती, समद्यांचं काम होतंय. आमी मिळूनच अभ्यास करू राहिलो." त्यांना वाटलं, कॉलेजातही तसंच असणार. परीक्षेतून तिघींची नावं जातील हे सांगितलं तेव्हा हातातला मोबाइल खाली ठेवून ती एवढंच म्हणाली, "मग माझंबी काढा." त्या टाकीखाली जेवढा अभ्यास चालला होता, तेवढा माझ्या अख्ख्या आकृतीत कुठे दिसत नव्हता.

उद्या बैठक आहे. चौघींना आपापल्या नावानं लिहायला शिकवून आलेय. जुनं लिखाण चौघींचं धरलंच पाहिजे, त्यावर मी हटणार नाही. रेघ नाही म्हणजे अभ्यास नाही, हा नियमच मोडून काढायचाय. रविवारी तुमच्या स्वयंपाकघरात तुम्ही भाकरी थापायचात आणि मला पाढे म्हणायला लावायचात. भाकरीच्या थापेवर माझा आवाज चढला नाही, तर पुन्हा पहिल्यापासून. उद्या तोच आवाज काढायचाय.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून एक सांगून टाकते. मुदत मागणाऱ्या त्या सरांना ते सुचलं नव्हतं. मीच त्यांच्या कानात सांगितलं होतं. इतकी वर्षं बैठकीत मी तेच करत आलेय. आज संध्याकाळी त्यांना फोन केला आणि म्हटलं, सर, उद्या माझ्या शेजारी बसू नका.