हाताची स्तुती आणि चाळीस जोड मोजे

ब्रेस्तोवो, गोराझ्देच्या वरच्या अंगाला.
मंगळवार, १४ ऑक्टोबर. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. मुबेराबाईंच्या स्वयंपाकघरात चुलीपाशी बसून चाळीस जोड मोजे तिसऱ्यांदा मोजत होतो. एकोणतिसाव्या जोडाला थांबून हे लिहायला घेतलं.

आदरणीय शाचिरमामा,

तुमच्या उजव्या हाताला आधी ओठ, मग कपाळ लावून सलाम. गुडघा कसा आहे? मामींनी मीठ कमी केलं का? आईला सांगा की मी लोकरी बनियन घातलं आहे (घातलेलं नाही, पण सांगा). फोनवर तुम्ही माझं एकही वाक्य पुरं होऊ देत नाही, म्हणून हे पत्र नऊच्या बसच्या चालकाकडे देतो आहे. संध्याकाळपर्यंत पझारला आपल्या दुकानात पोचेल. कृपा करून बसून वाचा, आणि शक्य तर गिऱ्हाईक नसताना.

काल दुपारी सरहद्द ओलांडून इथं पोचलो. छोट्या कर्जांच्या त्या संस्थेच्या पानावर आपण दोघांनी ज्या हायरियाबाईंचा फोटो पाहिला होता (दोन हजार मार्कांच्या कर्जातून लोकर आणि चरखा घेतला, असं खाली लिहिलेलं, आणि तुम्ही म्हणाला होतात, बाईचा चेहरा प्रामाणिक आहे, भाव पडेल), त्यांचंच घर सगळ्यांत आधी लागतं. पाच बायकांचा गट आहे. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या चौघी भरतात, त्यामुळे एकीच्या घरी कोण आलं, काय बोललं, किती वेळ बसलं, याची खबर चौघींना आपोआप पोचते. त्यासाठी निराळा निरोप पाठवावा लागत नाही.

आता मामा, मला दोष देण्याआधी तुमचाच धडा आठवा. निघताना तुम्ही बजावलं होतंत की मालाची स्तुती करायची नाही, मालाची केली की भाव चढतो. करायचीच तर हाताची करावी, हाताला भाव नसतो. मी तो धडा पाठ करून गेलो होतो. हायरियाबाईंनी विकायचे मोजे पुढे टाकले, ते ठीकच होते. पण एक जोड त्यांनी नमुना म्हणून कोपऱ्यातल्या नक्षीच्या पेटीतून काढला, आणि खरं सांगतो, मी हातातले बाकीचे मोजे खाली ठेवले. अक्रोडाच्या सालीचा तपकिरी, कांद्याच्या पापुद्र्याचा पिवळा, आणि टाचेपाशी, जिथं सगळ्यांची नक्षी मोडते, तिथं नक्षी वळण घेऊन सरळ पुढे गेलेली. मी मोजा उलटा केला. आतल्या बाजूला एकही गाठ नाही! मी दिव्याखाली नेला, ताणला, शेवटी बूट काढून पायात घालून पाहिला, तर मापाला माप. मग तुमचा धडा आठवून मी मालाबद्दल चकार शब्द काढला नाही. नीट जुळवून एवढंच म्हणालो, की हे विणणारे हात ज्या घरात जातील त्या घरात थंडी शिरायची नाही.

हायरियाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पायातल्या मोज्याकडे पाहिलं. मग आतल्या दाराकडे तोंड करून अशी हाक मारली की माझ्या हातातला दुसरा मोजा खाली पडला. "अल्मासा! कॉफी टाक गं!"

ती पेटी मुलीच्या रुखवताची होती, आणि मोजे तिच्याच हातचे, मामा. हे मला कोणी सांगितलं नाही. मी तरी कसं ओळखावं? (ओळखायला हवं होतं हे कबूल. आईची तशीच पेटी आपल्या माडीवर आहे. पण मी धंद्यासाठी आलो होतो, आणि धंद्यात पेटी ही पेटीच असते.)

अल्मासा कॉफी घेऊन आली. वय सव्वीस, हात रंगाने पिवळे, नजर अशी की माणसाने आपली बटणं तपासावीत. कॉफी गोड होती. नको असलेल्याला मुलगी कडू कॉफी देते हे तुम्हाला मी काय सांगणार (मामींनी तुम्हाला तीनदा कडू दिली होती, असं आई म्हणते). पण मला वाटलं, गिऱ्हाइकाला गोडच देत असतील. पिऊन झाल्यावर मी नमुन्याच्या जोडाचे वीस मार्क पुढे केले. हायरियाबाईंचे हात रंगाच्या पातेल्यात कोपरापर्यंत बुडालेले, त्यांनी हनुवटीने खूण केली, "ठेव की तिथंच, बाळा." तिथंच म्हणजे कॉफीच्या तबकात. मी ठेवले. नोट नीट चार घड्या घालून, उडू नये म्हणून कपाखाली.

पुढच्या पाव तासात उरलेल्या चौघी हजर. मुबेराबाई त्यांची म्होरकी, रात्री मला उतरवलं ते त्यांच्याच घरी. मला समोर बसवून चौकशी सुरू. पगार किती, घराच्या खोल्या किती, छत कधी शाकारलं, आईचा स्वभाव कसा, कुठं थकबाकी आहे का, दारू पितोस का, घोरतोस का. मामा, तुम्ही अर्धा माल उधार आणायला सांगितलं होतंत, तेव्हा मी समजलो की उधारीसाठीच पत तपासताहेत, आणि मनात म्हटलं, धन्य आहे यांची, म्हणूनच यांचा एकही हप्ता चुकत नाही! मी सगळी उत्तरं खरी दिली. पगार सांगितला (त्या चौघी एकमेकींकडे बघून हळहळल्या, याचा तुम्ही जरूर विचार करावा). घोरण्याबद्दल पुरावा नाही असं म्हणालो. एकीने दात पाहायला मागितले, तेही दाखवले.

मग मी मुद्द्यावर आलो. चाळीस जोड, त्यांचा भाव पंधरा, मी म्हणालो बारा. चरखा थांबला. मुबेराबाई कमरेवर हात ठेवून उठल्या. "होणाऱ्या सासूशी घासाघीस करतोस? लाज नाही वाटत? अजून तबकातले पैसे उचललेसुद्धा नाहीत!"

तेव्हा मला कळलं: मुलीने आणलेल्या कॉफीच्या तबकात पैसे ठेवले की मागणी घातली, असा रिवाज. तोपर्यंत हायरियाबाई डोक्याच्या रुमालाने डोळे टिपत होत्या, आणि मी पंधराने चाळीस जोड रोख घेतले होते, कारण घरच्या माणसाला उधार देत नाहीत म्हणे.

संध्याकाळी पाणवठ्यावर अल्मासा लोकर धूत होती, तिथं जाऊन मी तिला सगळं समजावून सांगितलं. ती लोकर पिळत ऐकत राहिली. म्हणाली, "मला पहिल्यापासून ठाऊक होतं, पझारकर. मुलगी बघायला आलेला माणूस मोजा उलटा करून बघत नाही." मी विचारलं, मग कॉफीत साखर का घातलीस? त्यावर ती काय म्हणाली ते इथं महत्त्वाचं नाही. मग म्हणाली, "जायचं तर जा. नऊची बस आहे. टोपी तेवढी घाल, आईचा लाटण्याचा नेम चांगला आहे." एवढं बोलून हसली, पण मी वळल्यावर तिचं पिळणं थांबलं.

तर विनंती अशी. तबकात पैसे ठेवून मी पळालो, तर लोक मला पळालेला म्हणणार नाहीत, तिला सोडलेली म्हणतील. या गावात ते आयुष्यभर तिच्याच नावावर राहील. म्हणून घरचं वडीलधारं माणूस म्हणून तुम्ही रविवारी स्वतः या, आणि चूक माझी होती, पोरीचा काही दोष नाही, असं चारचौघांत सांगून मला मोकळं करा. रविवारपर्यंत कोणी आलं नाही तर हायरियाबाई लाजेने दार लावून घेतील असं दिसतं.

मामींना सलाम. गुडघ्यावर गरम पिशवी ठेवा.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
रिफात

ता. क. वर मी एक वाक्य गाळलं, ते खोडून लिहिण्यापेक्षा इथं लिहितो. साखरेबद्दल ती म्हणाली, "आजवर चौघे येऊन गेले. चौघांनी मला पाहिलं. माझी टाच उलटून बघणारा तूच पहिला." हे लिहिलं नसतं तर हकिगत अपुरी राहिली असती. बाकी काही हेतू नाही.

दुसरा ता. क. आजीची अंगठी मामींच्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली आहे, ती येताना आणा. सोबत लोकरीचा धागा जोडला आहे, तो बोटाचं माप आहे. धागा तिने स्वतः कापून दिला. चारचौघांत काय सांगायचं ते वर लिहिलं आहे, ते कृपया सांगू नका.

तिसरा ता. क. हिशेब. तुम्ही दिलेले मार्क सातशे. चाळीस जोड, पंधराने: सहाशे. तबकात: वीस. पाच घरी कॉफीची पुडी आणि साखर: साठ. बसभाडं: अठरा. शिल्लक: दोन.
येणं: काही नाही.
देणं: एक मामा, रविवारी, सकाळी अकराच्या आत, स्वच्छ सदऱ्यात.