लालवाल्यांचा मास्तर

आबा, तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की आता मीच तुमच्यापेक्षा वयानं मोठी आहे. म्हणून आज जरा मोठ्या माणसासारखं विचारते, राग धरू नका. गिरणी बंद पडल्यावर तुम्ही उंबऱ्यावर बसलात ते बसलातच. मी तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. आई ताट ठेवायची, तुम्ही जेवायचात, ताट बाजूला सरकवायचात. कोणी काही विचारलं तर व्हय, नायतर नाय. थंडी संपायच्या आत तुम्ही गेलात. डॉक्टर छातीचं दुखणं म्हणाला. मला एवढंच विचारायचंय की त्या दिवसांत कोणी काय बोललं असतं म्हणजे तुम्ही तोंड उघडलं असतं? कारण घरात परत तसाच एक माणूस बसलाय, आणि तो माझा नातू आहे.

तो करमाडच्या अलीकडं एका कारखान्यात इंजिनिअर होता. मालकानं काम दुसऱ्या राज्यात नेलं आणि पोरांना घरी पाठवलं. आधी यानं अर्ज केले. मग फोन उचलायचं सोडलं, मग दाढी करायचं, मग खोलीतनं बाहेर यायचं. मुलगा आणि सून सकाळीच कामावर जातात. दिवसभर घरात मी आणि तो, मधे एक दार. मुलगा म्हणतो, आई, त्याला त्रास देऊ नको, होईल आपोआप नीट. सून म्हणते, शांत राहू द्या त्याला. आबा, तुम्हालाही सगळ्यांनी शांतच राहू दिलं होतं.

सुरुवातीला शनिवार तरी होता. याचे दोन दोस्त यायचे आणि तिघं मिळून टीव्हीवर विलायतेचा फुटबॉल बघायचे. तिघंही निळ्या सदऱ्यावाल्यांच्या बाजूचे. पण बोलणं सगळं लाल सदऱ्यावाल्यांचं. आपल्या टीमचं दोन वाक्यं, वैऱ्याचं दोन तास. त्यांच्या मॅनेजरला, म्हणजे टीमच्या मास्तरला, अक्कल नाही, त्यानं म्हातारा स्ट्रायकर विकत आणला, तो पळताना कमरेला हात लावतो, गोलकीपर घेतला तो बॉल आला की देवाला हात जोडतो. एक म्हणायचा, बाजारात बैल घेणारासुद्धा आधी दात बघतो. मी चहा द्यायला गेले की हसू आवरायचं नाही. आणि माझा नातू, जो आठवडाभर मुका, तो मांडी ठोकून भांडायचा.

मला तुमची छावणीच्या मैदानावरची आठवण यायची. गिरणीची टीम आणि छावणीची टीम. तुम्ही गोलच्या मागं उभं राहून त्यांच्या मास्तरला, त्या रिटायर हवालदाराला, अशा शिव्या द्यायचात की मला कान झाकायला सांगायचात आणि मग अजून मोठ्यानं द्यायचात. मी लहान होते. एकदा त्यांचा एक काळासावळा पोऱ्या आपल्या सगळ्यांना चुकवून गेला आणि मी टाळ्या वाजवल्या. तुम्ही घरी येईपर्यंत बोलला नाहीत. आई भाकरी थापत होती, तिच्यासमोर मला उभं केलंत आणि म्हणालात, "आपल्या माणसाच्या तोंडावर वैऱ्याची तारीफ करायची नाय. त्याच्या जिवाला लागतं." दुसऱ्या दिवशी कामावरून येताना पेरू आणलात, पण शब्द काही मागं घेतला नाहीत. मी तो जन्मभर पाळला. सासरीसुद्धा.

मग याच्या दोस्तांतला एक पुण्याला नोकरीला गेला. दुसऱ्यानं औरंगपुऱ्यात मोबाइलचं दुकान टाकलं, त्याचा शनिवारच सगळ्यात गर्दीचा. शनिवार गेला. यानं टीव्ही लावायचंही सोडलं. ताट दाराशी ठेवायचं आणि निम्मं भरलेलं परत उचलायचं, हे माझं काम झालं. एक दिवस ताट ठेवताना माझंच डोकं फिरलं. मी दाराला तोंड लावून म्हणाले, "काही म्हणा, त्या लालवाल्यांचा मास्तर लई हुशार माणूस. तुमच्यावाल्यापेक्षा शंभरपट बरा."

मी वळले. तेवढ्यात आतनं आवाज आला, "कोण म्हणतं?"

कितीतरी दिवसांनी ऐकला तो आवाज. घसा बसल्यासारखा झाला होता.

आता पुढं काय बोलायचं ते मला ठाऊक नव्हतं. मी चौथी शिकलेली, त्या खेळात किती माणसं असतात तेही नीट सांगता यायचं नाही. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून औरंगपुऱ्यात गेले. याच्या दोस्तानं मला बघून गिऱ्हाईक सोडलं. मी म्हणाले, मला त्या लाल मास्तरचं सगळं सांग, त्यानं कोणाला आणलं, कोणाला विकलं, त्यात चांगलं काय केलं. तो म्हणाला, "दादी, तुमकू क्या करना है उसका?" मी म्हणाले, तुझ्या दोस्ताशी भांडायचंय. पोराचा चेहरा उतरला. तो म्हणाला, माझाबी फोन उचलत नाही तो. मग त्यानं काउंटरवर मोबाइलची कव्हरं मांडली, हा मधला, हा डावीकडचा, हा नवीन आणलेला, आणि मला शाळेतल्यासारखं परत परत विचारलं. गिऱ्हाईकं ताटकळली. एकजण म्हणाला, आजी टीम काढताय का? मी म्हणाले, काढतेय, तुम्हाला घेणार नाही, पोट सुटलंय.

तेव्हापासून रोज दाराशी बसून मी वैऱ्याची तारीफ करते, आबा. तुमचा शब्द मोडून. तो म्हातारा स्ट्रायकर डोक्यानं खेळतो म्हणते, तुमचे तरणे नुसते पळतात म्हणते. आतनं शिव्या येतात, खेळाला आणि थोड्या मलाही. येऊ देत. एक दिवस मी त्यांच्या डावीकडून पळणाऱ्याचं कौतुक लावलं होतं, तर कधी नव्हे ते दार उघडलं. दाढी छातीला आलेली. म्हणाला, "आजी, तो त्यांच्याकडं नाहीच आता. उसना दिलाय दुसऱ्यांना."

मी म्हणाले, "माणूस उसना देतात?"

आणि तो समजावून सांगायला लागला. चौकटीला धरून, उभ्यानं. गॅसवर माझी मेथी करपत होती, वास घरभर झाला होता, पण मी हलले नाही. हलले असते तर तो आत गेला असता.

मला वाटत होतं जमतंय. मधेच चार दिवस परत गप्प व्हायचा, तेव्हा मी दाराशी बसून नुसती बोलत राहायची आणि मनात म्हणायची, दोस्तानं पढवलेले पाढे संपले, आता काय काढू? देवासमोर हात जोडले की तोंडात त्या परक्या मास्तरचं नाव यायचं, त्याला जागेवर राहू दे. कारण त्याच्या जिवावर माझं दुकान चाललेलं.

काल दुपारी दुकानवाल्या दोस्ताचा फोन आला, लालवाल्यांनी मास्तरला काढून टाकलं. मी फोन ठेवला आणि स्वैपाकघरात खाली बसले. भांडायला होतं ते संपलं. शिवाय याला कळलं म्हणजे हसेल, आणि मग कायमचा गप्प होईल असं वाटलं.

तो आपणहून बाहेर आला. हातात मोबाइल. हसत नव्हता. म्हणाला, "आजी, तुझ्या मास्तरला काढलं."

"बरं झालं की मग. तूच म्हणत होतास त्याला अक्कल नाही."

"तसं नाही. त्याची माणसं आत्ता कुठं जमायला लागली होती. एक साल तर द्यायचं." तो माझ्यासमोर फरशीवर बसला. बराच वेळ मोबाइल उलटासुलटा करत राहिला. "त्याला निदान बोलावून सांगितलं. मला मेल आला होता, आजी. मी मशिनवरच होतो. वाचला आणि पाळी संपेपर्यंत काम केलं. कोणाला सांगायचं तेच कळेना."

माझं तोंड तुम्हाला माहीत आहे, कधी बंद नसतं. पण काल आधी हात पुढं झाला. तव्यावरची भाकरी त्याच्या हातात दिली. त्यानं ती कोरडीच खाल्ली. मग दुसरी मागितली. मग म्हणाला, "आता कोणाला आणतील गं ते?" मी म्हणाले, उद्या सांगते. तो म्हणाला, "सांग."

तुम्हाला कोणी काय बोलायला हवं होतं ते मला अजून कळलेलं नाही, आबा. तुम्हालाही सांगता आलं नसतं बहुतेक. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून घडी करून पेटीतल्या लुगड्यांखाली ठेवते. एक मात्र तुम्हालाच सांगते, घरात कोणाला ठाऊक नाही. त्याच्या खोलीची आतली कडी, तो न्हाणीत असताना, मीच काढलेली आहे; रात्री नको ते मनात यायचं. गंजली होती म्हणून भंगारात दिली असं सांगितलं, पण ती माझ्या उशीच्या खोळीत आहे. आज तो जेवला, बोलला, संध्याकाळी कोपऱ्यावर जाऊन दाढी करून आला. तरी कडी मी परत बसवलेली नाही.