सातव्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय अण्णा,

तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. शिरूरहून नांदेडला फोन लागतो, मग पत्र कशाला, असं तुम्हीच म्हणायचात. आता फोन लागत नाही, म्हणून लिहिते. शिवाय एक चोरी कबूल करायची आहे. हसू नका, आधी पूर्ण ऐका!

वाचनालयातून सतीशचा फोन आला होता. तुमच्या खुर्चीवर आता तोच बसतो. "ताई, वर्धापनदिनाची स्पर्धा तोंडावर आलीय. अण्णांच्या वहीत यंदाचे प्रश्नच न्हाईत. तुम्हीच काढा की."

दरवर्षी स्पर्धा एकाच पुस्तकावर, हवेलीतल्या खुनाच्या त्या जुन्या रहस्यकथेवर. "खुनी कोण, हे कुणीबी सांगल. नीट वाचलंय कुणी, ते बघायचंय," असं तुम्ही म्हणायचात आणि भलतंच काहीतरी विचारायचात. जिन्याला पायऱ्या किती? स्वयंपाकिणीच्या हाताला काय लागलं होतं? पोरं डोकं खाजवत बसायची.

मी सतीशला हो म्हटलं आणि मग घाबरले. कारण अण्णा, ती गोष्ट मी कधी वाचलीच नव्हती!

आठवीत होते मी. ग्रंथपालाची मुलगी, नंबर आला नाही तर लोक काय म्हणतील? तुमच्या टेबलाचा खण नेहमी कुलपात आणि किल्ली तुमच्या खिशात. पण स्पर्धेच्या आदल्या दुपारी किल्ली कुलपालाच लटकत होती. आत उत्तरांचा कागद. मी दहाच्या दहा उत्तरं पाठ केली.

निकाल लागला तर मला नऊ मार्क आणि दुसरा नंबर! पहिली आली जीपवाल्या शेख मामूंची नसरीन. मी चक्रावलेच. उत्तरं तुमचीच, मग एक मार्क गेला कुठं? पण विचारणार कुणाला? बक्षीस म्हणून तुम्ही तेच पुस्तक दिलंत. पहिल्या पानावर लिहिलंत, 'चि. सुनीतास, वाचण्यासाठी.' शेवटच्या शब्दाखाली रेघ ओढलीत. ती का ओढली, हेही मी विचारलं नाही.

पुढे नोकरीसाठी नांदेडला आले. दर रविवारी जेवणं झाली की तुमचा फोन यायचा.

"वाचलीस का गं ती गोष्ट?"

"हाव अण्णा, कवाच वाचली."

"मंग सातवा प्रश्न सांग. हवेलीतला दिवा कोणी इझवला?"

"माळ्यानं!"

किती हसायचात तुम्ही! "बरं बरं. जेवलीस का?" मला वाटायचं, लेकीला अजून उत्तर पाठ आहे म्हणून खूश आहेत.

गेल्या रविवारी जेवले आणि ते पुस्तक घेऊन बसले. सवयीने फोन शेजारी ठेवला होता. शेवटून दुसऱ्या प्रकरणात दिव्याची भानगड उलगडली. दिवा कोणीच विझवला नव्हता, अण्णा. तेल संपलं होतं. सगळे उगाच त्या बिचाऱ्या माळ्यावर संशय घेत होते.

मी एकटीच मोठ्याने हसले. म्हणजे किल्ली तुम्ही विसरला नव्हतात! कागदावर मुद्दाम एक उत्तर खोटं लिहिलंत आणि चोर पकडलात. हसता हसता फोन उचलला, तुमचा नंबर काढला, आणि मग आठवलं. ही गंमत ज्याला कळेल असं दुसरं कुणीच नाही. या दोन खोल्यांत एवढं एकटं मला तुम्हाला पोचवून परत आले त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

एका गोष्टीचा मात्र राग आहे. एवढी वर्षं तुम्हाला ठाऊक होतं, तर रागावला का नाहीत? एक थोबाडीत दिली असती तर तेव्हाच रडून मोकळी झाले असते. की मी आपणहून सांगेन म्हणून दर रविवारी वाट बघत होतात? आणि मी दर रविवारी तेच खोटं, त्याच तोऱ्यात बोलत राहिले!

प्रश्न काढून झालेत. सातवा तोच ठेवलाय. पण मुलांचे कागद गोळा झाले की मी उभी राहून माझी चोरी सगळ्यांसमोर सांगेन. नसरीनही असेल, तिची मुलगी यंदा स्पर्धेत आहे. तुम्हाला शब्द देते, काहीही लपवणार नाही.

आता विचारा ना, अण्णा. एकदाच विचारा, "वाचलीस का गं?" या खेपेला खरंच वाचली.

तुमची नऊ मार्कांची,
सुनी