केशवरावांच्या ओट्यावरची गरम हवा

पांढुर्णा, मे महिना, दुपार

माझे शेजारी, सोबती आणि सध्या सौंसरवासी झालेले केशवराव यांना पुंडलिक मास्तरचा रामराम पोचावा.

तुमचा गुडघा कसा आहे? प्रणाली आणि जावईबापू सुखात असतील. लेकीच्या घरी सकाळचा चहा वेळेवर मिळतो की नाही, की तिथेही तुम्ही साखर जास्त, साखर कमी करत बसता? इकडे आम्ही ठीक आहोत. म्हणजे आमच्या घरची मालकीण जयवंता ठीक आहे. मी आहे तसा आहे. शनिवारी तुम्ही जामसावळीला दर्शनाला जातो म्हणून निघालात आणि तिथून पुढे लेकीकडेच मुक्कामाला गेलात, हे मला वहिनींकडून कळलं. फोन तुम्ही उचलत नाही. म्हणून शेवटी पेन हाती घेतलं. (अक्षर बिघडलं आहे, त्याचं कारण पुढे येईल. बोटं गारठली आहेत.)

आता मूळ गोष्ट. ती हीट पंपाची अवदसा आपल्याला आठवली ती माझ्या वीरेंद्रमुळे. त्यानं नागपूरहून सांगितलं, बाबा, हिवाळ्याला शेगडी आणि उन्हाळ्याला कूलर असे दोन दोन संसार कशाला करता, एकच हीट पंप घ्या, थंडीत गरम करतो आणि गरमीत थंड. मला त्यातलं 'पंप' एवढंच नीट ऐकू आलं, आणि पंप म्हटल्यावर या गल्लीत तुमच्याशिवाय विचारायचं कोणाला? संत्र्याच्या बगिच्यात जन्म काढलेला माणूस तुम्ही. विहिरीवरच्या मोटरचा नुसता आवाज ऐकून तिचं दुखणं सांगता. तेव्हा दुकानात तुम्हाला सोबत नेलं यात माझी काही चूक नव्हती, असं मला अजूनही वाटतं. तुम्ही खोक्यावर बोटाच्या पेरानं टकटक करून पाहिलं आणि विचारलं, "किती एचपीचा हाय?" दुकानातला तो नितीन म्हणाला, दीड टनाचा. त्यावर तुम्ही जे हसलात! "दीड टन? बाप्पा, मास्तरची खोली हाय का संत्र्याची मंडी?" मग तुम्ही विचारलं, किती फुटांवरून उचलते. नितीन म्हणाला, काका, हा पाणी नाही उचलत, घरातली गरमी उचलतो. "मंग फेकते कुठी?" हा तुमचा प्रश्न अगदी बरोबर होता, केशवराव. पंपवाल्याच माणसाला सुचावा असा. नितीन म्हणाला, बाहेर. आणि आपण दोघंही समाधानानं मान हलवून चहा प्यायला गेलो. बाहेर म्हणजे कोणाच्या अंगावर, हे काही आपण विचारलं नाही.

डिसेंबरात यंत्र बसलं. त्याचा बाहेरचा डबा कुठे टांगायचा, हेही तुम्हीच ठरवलंत. तुमच्या ओट्याकडच्या भिंतीवर, कारण तिकडे हवा खेळती आहे. आत खोली उबदार झाली आणि बाहेरच्या डब्यातून गार वारा सुटला. तुम्ही घोंगडी पांघरून त्याच्यासमोर उभे राहिलात, आणि तुमचा तो आनंद मला आजही आठवतो. "मास्तर, डिसेंबरात एवढं थंडं फेकून राहिलं हे, मंग मे मधी तं माह्या ओट्यावर काश्मीरच समजा!" मी मान हलवली. आयुष्यभर पोरांना विज्ञान शिकवलेल्या मी मान हलवली! हिवाळ्यात बाहेरची ऊब ओढून आत आणणारं यंत्र उन्हाळ्यात आतली गरमी बाहेर लोटणार, हे सातवीतल्या पोरालाही सुचलं असतं. पण तुम्ही इतके खूश होतात की मलाही ते काश्मीर दिसायला लागलं. तुम्ही तर त्या जागेवर नव्या निवारीची खाट टाकून मोकळे झालात.

मे मध्ये काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. ती हवा तुमच्या मिश्यांनी सोसली आहे. आत आम्ही गारेगार, आणि तुमच्या खाटेवर लोहाराचा भाता. (वहिनींनी मात्र पहिल्याच दिवशी त्या हवेसमोर कुरडया मांडल्या. सकाळी घातलेल्या कुरडया दुपारी डब्यात गेल्या. आता अख्ख्या गल्लीच्या बायका कुरडया, पापड, सांडगे घेऊन तुमच्या ओट्यावर नंबर लावून बसतात, आणि मला येता-जाता आशीर्वाद देतात. या यंत्रानं मला मिळालेलं सुख ते एवढंच.)

तुम्ही रागावलात ते या गरम हवेमुळे, असं मी धरून चाललो होतो. म्हणून काल वहिनींपुढे हात जोडले, म्हटलं, यंत्राचं तोंड फिरवून देतो. त्या कुरडई उलटता उलटता म्हणाल्या, "हवेचं काय घेऊन बसले, भाऊजी? हवेले तं ते हसूनच राहिले होते. शुक्रवारी पाचले ते चहाले आले होते तुमच्याकडे. दार लावलेलं होतं. दोनदा कडी वाजवली. मंग घरी आले अन् म्हणाले, मास्तरकडे आता कडी वाजवून जा लागते."

केशवराव, मला ऐकू आलं नाही हो. थंड हवा निसटते म्हणून नितीननं दार लावून घ्यायला सांगितलं होतं. जयवंतानं खालच्या फटीत चादरही कोंबली होती, आणि त्या यंत्राच्या घुरघुरीत आम्हाला कडी कुठली ऐकू येते! आपल्या गल्लीत दिवसा दार लावलं म्हणजे घरचे गावाला गेले, असं समजतात. मी घरात असून गावाला गेलो. तुमच्या वाटणीचा चहा जयवंता त्या दिवशीही करून बसली होती, आणि मी म्हणत होतो, आज केशवराव काऊन नाही आले? गोटमारीच्या जत्रेत सावरगावची माणसं नदीपलीकडून आपल्यावर दगड फेकतात आणि दुसऱ्या दिवशी सोयरीक सांगत चहाला येतात. आपण तर एकमेकांना खडाही मारला नाही, आणि तुम्ही सौंसरला जाऊन बसलात. मला फार वाईट वाटून राहिलं आहे. ते तोंडावर बोलता आलं नसतं, म्हणून लिहितो.

कालपासून दार सताड उघडं आहे. यंत्र चालूच आहे आणि गल्लीतली कुत्री आमच्या उंबऱ्यावर येऊन झोपतात. जयवंता डोक्याला हात लावून बसली आहे. तुम्ही या.

तुमचा,
पुंडलिक

ता. क. : एक विचारायचं राहिलं. शेवटचे आत येऊन बसला होतात तेव्हा निघताना चष्म्याचं घर उचललंत, त्यासोबत यंत्राचा रिमोट तर बंडीच्या खिशात गेला नाही ना? तेव्हापासून तो सापडत नाही आणि यंत्र अठरावर अडकलं आहे. स्विच बंद करून लावला तरी पुन्हा अठराच. भर मे महिन्यात आम्ही गोधडी घेऊन झोपतो. या पत्राचं कारण रिमोट नाही, पण खिसा तपासा.

दुसरा ता. क. : यंत्राचं तोंड फिरवायचं मी लिहिलं, ते रद्द समजा. वहिनींनी बजावलं आहे की शेवग्याच्या झाडाकडच्या बाईचे पापड होईपर्यंत यंत्राच्या बाहेरच्या डब्याला हात लावायचा नाही. तुम्ही आलात तर खाट आमच्या ओट्यावर टाकू. हे पत्र वहिनींच्याच कुरडयांच्या डब्यात घालून बसवाल्याच्या हाती देत आहे.

तिसरा ता. क. : डबा बांधता बांधता रिमोट सापडला. माझ्याच उशीच्या अभ्र्यात होता. म्हणजे तुम्हाला यायला आता काही कारण उरलं नाही. तरी या. कडी वाजवू नका.